वाचक विचारतात : पेटी, मोहोर आणि कुंभारीण

सातेरी मधमाश्यांची पेटी मे महिन्यात भरलेली होती. पाऊस लागला आणि श्रावण येईतो माश्या निघून गेल्या. मागे राहिलेल्या पोळ्यांत जाळी आणि अळ्या सापडल्या. मेणकिड्यानेच वसाहत संपवली ना? (संगमेश्वर)

मेणकिडा बहुतेक वेळा शेवटी येतो, आधी उपासमार होते. जून ते सप्टेंबर कोकणात माशीला बाहेर पडायला उघडीप मिळत नाही. त्यात मे अखेरीस खालच्या पिलाव कोठीतलाही, म्हणजे राणी अंडी घालते त्या कप्प्यातलाही, मध पिळून घेतला असेल, तर पावसाळ्याची बेगमीच गेली. खायला नाही म्हटल्यावर राणी अंडी घालणं कमी करते, माश्या घटतात आणि कडेच्या पोळ्या उघड्या पडतात. मेणकिड्याची पाकोळी रात्री शिरून फटींत अंडी घालते. सातेरी झाडांचा डिंक-राळ गोळा करत नाही, त्यामुळे फटी तिला बुजवता येत नाहीत. ते काम तुमचं.

मध घ्यायचा तो फक्त वरच्या मधकोठीतला. मेअखेर ती कोठी उतरवा आणि खाली माश्यांनी झाकलेल्या पोळ्याच ठेवा. संशय आला तर पोळी उजेडाकडे धरून बघा: मधल्या भिंतीत रेशमी बोगदा आणि काळ्या बारीक लेंड्या दिसल्या की अळी आत आहे. तळपाट दर आठ-दहा दिवसांनी खरवडा आणि तो कचरा जाळा. पेटीखाली झटकलात तर अळ्या तिथेच वाढतील.

खाद्य म्हणून साखर आणि पाणी समभाग. पाणी उकळून खाली उतरवा, मग साखर विरघळवा. थंड झाल्यावर 200 ते 250 मिली पाक आठवड्यातून दोनदा, तिन्हीसांजेला, पेटीच्या आत ठेवा. वाटीत काड्या टाकायला विसरू नका, नाहीतर माश्या बुडतात. गूळ किंवा काकवी नको, हगवण लागते. पाक बाहेर सांडला तर मुंगळे येतात आणि शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला बसतात.

पावसासाठी पेटीला प्लास्टिक गुंडाळण्याची पद्धत फार दिसते; ती बंद करा, आत पाणी सुटतं. वर झाप किंवा पत्रा आणि पेटीला पुढच्या बाजूस किंचित उतार, एवढं पुरे. काढलेल्या रिकाम्या पोळ्या दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवल्या की अंडीही मरतात. गंधकाच्या धुरीने अळ्या मरतात, अंडी वाचतात. म्हणून धुरी 10-15 दिवसांनी पुन्हा द्यावी लागते.

शेजारच्या हापूसच्या बागेत मोहोराच्या दिवसांत मासळीचे तुकडे टांगलेले असतात. याचा खरंच उपयोग होतो, की वासच काय तो? (देवगड)

वास येतोच, पण युक्तीला आधार आहे. आंब्याचे परागकण चिकट असतात, वाऱ्याने फारसे उडत नाहीत. ते नेण्याचं काम मुख्यतः माश्यांचं, म्हणजे मधमाश्यांपेक्षा निळ्या-हिरव्या चकचकीत माश्यांचं आणि फुलांवर घिरट्या घालणाऱ्या पट्टेरी माश्यांचं. मोहोरात नुसती नरफुलं पुष्कळ असतात, फळ धरणारी द्विलिंगी फुलं हापूसमध्ये कमीच. त्यामुळे प्रत्येक फेरी मोलाची.

चूक होते ती वेळेत. मासळीवर माशी अंडी घालते, अळ्या वाढून नवी माशी उडायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून मोहोर फुलायच्या आधी दोन आठवडे टांगा, घर आणि विहीर टाळून.

आणि एवढं करून ऐन फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथोक्झामसारखं कीटकनाशक मारलंत, तर मासळी फुकट गेली. तुडतुड्यांची फवारणी मोहोर फुलण्यापूर्वीच उरका. संध्याकाळी फवारलं की भागलं, हा समज या दोन औषधांना लागू नाही. ती झाडात भिनून मधुरसातही उतरतात. जवळ कुणाची पेटी असेल तर त्याला आदल्या दिवशी सांगायला हवं.

खिडकीच्या चौकटीत आणि विजेच्या प्लगच्या भोकांत कुंभारीण माती भरते. चावते का? पाडावी का? (गुहागर)

मुठीत धरली तरच डंख मारते. गांधीलमाशीसारखी ती घरट्याची राखण करत नाही. एखादं घर फोडून बघितलंत तर आत गुंगवलेल्या, पण जिवंत अळ्या दिसतील, काही जातींत कोळी. ध्यास लागून अळीचीच भिंगुरटी (म्हणजे कुंभारीण) होते, हा कीटकभृंग न्याय आपण ऐकत आलो; प्रत्यक्षात ती अळी कुंभारणीच्या पिल्लाचा शिधा असते, आणि त्यात भाजीपाल्यावरच्या अळ्याही येतात. म्हणून चौकटीवरचं घर राहू द्या. मातीला गोल भोक दिसलं की पिल्लू उडून गेलेलं असतं, मग खुशाल खरवडा. प्लगमधली माती मात्र मेन स्विच बंद करून काढा, आणि पुढे त्या भोकांना प्लास्टिकची झाकणं बसवा.