महापौराला अधिकार नसतात, मग भाई वैद्यांना पुणेकर इतकं का मानतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: महापौराच्या हातात काहीच नसतं, तर भाई वैद्यांचं एवढं कौतुक कशाला, आणि शहरानं त्यांची आठवण कशी ठेवावी. पहिला प्रश्न मला झोंबला. माझे थोरले मामा दर भाऊबीजेला नेमका हाच विषय काढायचे आणि मोठ्यांना उलट बोलायचं नाही म्हणून मी गप्प राहायचे. आज बोलते.

अधिकार नसतात हे खरंच आहे. कारभार आयुक्तांचा, तिजोरी स्थायी समितीची. महापौर सर्वसाधारण सभा चालवतो आणि शहराचा पहिला नागरिक म्हणवतो. समाजवादी नेते असलेले भाई १९७४-७५ साली महापौर होते आणि तेव्हा हे पद वर्षभराचंच असायचं. ‘वर्षात कोणता पूल बांधला ते दाखव,’ असं मामा म्हणायचे.

पूल मोजून महापौर जोखता येत नाही. त्या खुर्चीला एकच गोष्ट मिळते, शहराचं नाव. ते नाव तुम्ही कुणाच्या बाजूनं उभं करता, एवढंच बघायचं. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली तेव्हा भल्याभल्यांची बोलती बंद झाली होती. भाईंनी महापौरपदावर असताना उघड विरोध केला आणि मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवायच्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात गेले. १९ महिने आत होते. मामांच्या मते हा नुसता हट्ट, शहराला त्यातून काय मिळालं? माझ्या मते त्या वर्षी पुण्याची मान ताठ राहिली ती अशा माणसांमुळे. ज्याला हे पटत नाही त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

पण आमच्या घरात भाईंचं नाव निघायचं ते महापौर म्हणून नाही. वडील पोलीस शिपाई होते, आम्ही पोलीस लाइनीत राहायचो. तेव्हा शिपायांना खाकी हाफ पँट होती. आई तिला पेजेची कांजी करून कोळशाच्या इस्त्रीनं अशी कडक करायची की पावसातल्या बंदोबस्तात तिची कड मांड्यांना घासून वळ उठायचे. ते वळ मी बघितलेत. वडील चाळिशी ओलांडलेले, घरात माझ्या मैत्रिणी आलेल्या असल्या तर उंबऱ्याबाहेरूनच हाक मारून लेंगा मागायचे. तो नेसल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत. साहेब लोकांना फुल पँट आणि पोरासोरांसारखी हाफ पँट शिपायाला, हे त्यांना किती लागायचं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

१९७८ ला पुलोदचं, म्हणजे शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आलं, भाई गृहराज्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत शिपायांची हाफ पँट गेली. वडिलांची पहिली फुल पँट लांबीला जास्त होती, आईनं खालून दुमडून हातशिलाई घातली. आमच्याकडे आरसा होता तो भिंतीवर दाढीपुरता. वडिलांनी तो खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिला आणि गुडघ्याच्या उंचीवर धरायला सांगितला. बराच वेळ पाय मागेपुढे करत बघत होते. मामा तेव्हा घरीच होते. ‘कापड वाढवलं, पगार वाढवला का?’ म्हणाले. वडील काही बोलले नाहीत. मामांचा स्वतःचा आयुष्यभर धोतर-कोट होता, त्यांना यातलं काय कळणार?

बाकी भाईंबद्दल थोडक्यात सांगते. जन्म १९२८ चा, वेल्हे तालुक्यातल्या दापोडे गावचा. शाळकरी वयात बेचाळीसच्या चळवळीत, पुढे गोवा मुक्तिसंग्रामात. मंत्री असताना लाच द्यायला आलेल्या तस्कराला त्यांनी पकडून दिलं. १९८३ साली जनता पक्षाचे नेते चंद्रशेखर यांच्याबरोबर कन्याकुमारीहून दिल्लीपर्यंत चालत गेले. सगळ्या मुलांना फुकट आणि सारखं शिक्षण मिळावं म्हणून ऐंशी ओलांडल्यावरही रस्त्यावर उतरत होते. मी शिक्षिका होते, त्यामुळे ही मागणी मला त्यांच्या बाकी सगळ्या कामाहून मोठी वाटते, आणि आजही ती तशीच पडून आहे. २ एप्रिल २०१८ ला ते गेले.

आता आठवणीचं. चौकाला नाव देऊन काही होत नाही, पाटीवरचं नाव रिक्षावालासुद्धा वाचत नाही. तुमच्या वॉर्डातली पालिकेची शाळा आधी बघून या, पट किती, शिक्षक किती, मुतारीला पाणी आहे का. मग नगरसेवकाला विचारा. ते जमत नसेल तर नगरसचिव कार्यालयात १९७४-७५ च्या सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त मागून बघा आणि महापौर म्हणून ते काय बोलले ते स्वतः वाचा.

हेही सांगायला हवं की पँटचा निर्णय सरकारचा होता, एकट्या भाईंचा म्हणता येणार नाही. समाजवाद्यांनी आपसांत फुटून फुटून स्वतःचं वाटोळं केलं आणि २०११ ला भाईंनी पुन्हा उभी केलेली सोशालिस्ट पार्टी निवडणुकीच्या हिशेबात कुठंच नव्हती. मामा हयात असते तर त्यांनी एवढंच धरून ठेवलं असतं. मी त्यांना वडिलांच्या मांडीवरचे वळ सांगितले असते.