स्वस्तात मिळणारी जुनी गाडी घेण्यासारखी आहे का, हे कसं ओळखायचं?

इंजिन आणि खालचा सांगाडा धड असेल तर घ्या. किलोमीटरचा आकडा नि चकचकीत रंग यांवर जाऊ नका. गॅरेजमध्ये काम करतो म्हणून सांगतो, इंजिन पूर्ण थंड असताना गाडी स्वतः सुरू करा. आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनात बरेच दोष लपतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या नि खालच्या भागांमधलं सील, गेलेलं असू शकतं. मग गाडी गॅरेजमधल्या लिफ्टवर चढवून खालचा गंज बघाच. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड बदलता येतात, गंजून कुजलेली चॅसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. रोज लांबचा प्रवास असेल, तर मात्र थोडे जास्त पैसे घालून कमी जुनी गाडी बघा.