मलम कधी थांबवायचे?

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे आहे आणि गेली १४ वर्षे मला सोरायसिस आहे. कोपर, गुडघे आणि डोक्याच्या मागच्या भागावर चट्टे येतात. मलम लावले की तीन-चार आठवड्यांत त्वचा साफ होते, मी मलम बंद करते आणि दोन महिन्यांच्या आत आजार पुन्हा उचल खातो. सकाळी चादरीवर पांढरे खवले पडलेले असतात; घरातले कोणी उठण्याआधी ते झटकून टाकायची मला सवय झाली आहे. आतापर्यंत चार डॉक्टर झाले. हा आजार मुळापासून जाणारच नाही का, की माझेच काही चुकते आहे?

उत्तर : आधी तुमच्या शेवटच्या शंकेचे उत्तर देते, कारण इतकी वर्षे मन खात राहिलेली ती शंकाच अधिक त्रासदायक आहे. तुमच्या हातून काही घडले म्हणून हा आजार झालेला नाही. सोरायसिसची प्रवृत्ती बहुतांशी आनुवंशिक असते. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्वचेला विनाकारण वाढीचे संदेश देत राहते आणि ज्या पेशींनी खालच्या थरातून वर येऊन गळून पडायला साधारण २८ दिवस घ्यायला हवेत, त्या तीन ते पाच दिवसांतच पृष्ठभागावर येतात. पुरत्या पक्व न झालेल्या या पेशी सुट्या होऊन गळत नाहीत, एकीवर एक साचतात. तुम्ही चादरीवरून झटकता ते खवले म्हणजे हीच घाईने वाढलेली त्वचा. ती घाण नव्हे, आणि अस्वच्छतेशी तिचा काहीही संबंध नाही.

हा आजार कायमचा नाहीसा करील असे औषध आज उपलब्ध नाही. हे लिहिणे मला सोपे जात नाही, पण ते न सांगता तुम्हाला पाचव्या दारी जाऊ देणे अधिक वाईट ठरेल. मात्र तो आटोक्यात राहतो, आणि पुष्कळ जणांच्या बाबतीत इतका आटोक्यात राहतो की महिनोन् महिने त्याची आठवणही होत नाही.

सुधारण्यासारखी गोष्ट एक आहे, आणि ती तुम्हाला कोणी नीट समजावून सांगितली नसावी. चट्टा दिसेनासा झाला म्हणजे दाह संपला असे होत नाही. प्रतिकारयंत्रणेच्या काही पेशी त्याच जागी दबा धरून राहतात, म्हणून चट्टा बहुधा जुन्याच जागी उमटतो. तेव्हा केवळ डोळ्यांवर विसंबू नका. डोळे मिटून कोपरावरून बोट फिरवा. कडेला उंचवटा लागत असेल किंवा त्वचा खरखरीत, जाडसर वाटत असेल, तर आजार अजून तेथेच आहे. याउलट, सपाट झालेल्या जागी मागे उरणारा काळसर किंवा फिकट डाग म्हणजे आजार नव्हे. तो काही महिन्यांत हळूहळू विरतो आणि त्यावर मलम चोळत राहण्याची गरज नसते.

त्वचा सपाट झाल्यावरही मलम एकदम बंद करण्याऐवजी डॉक्टरांना विचारून ते टप्प्याटप्प्याने कमी करावे. अनेकांना नेहमीच्या जागांवर आठवड्यातून दोनच दिवस मलम लावण्याची पद्धत लागू पडते. यात मलमातले दाह शमवणारे औषध, म्हणजे स्टेरॉइड, कोणते, किती तीव्र, आणि ते शरीराच्या कोणत्या भागावर लावायचे याला फार महत्त्व आहे. कोपराची जाड त्वचा जे मलम काही आठवडे सहन करते, तेच चेहऱ्यावर, काखेत किंवा जांघेत लावल्यास त्वचा पातळ होऊ शकते. म्हणून एका जागेसाठी दिलेले मलम स्वतःच्या मनाने दुसऱ्या जागी लावू नका. स्टेरॉइड दीर्घकाळ वापरणे टाळायचे असेल तर ड जीवनसत्त्वापासून तयार केलेली कॅल्सिपोट्रिओलसारखी मलमे आलटूनपालटून वापरता येतात.

मलमाचे प्रमाणही बहुतेकांचे चुकते. भीतीपोटी पुष्कळ जण ते जेमतेम पुसल्यासारखे लावतात. ट्यूबच्या तोंडातून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत मलमाची एक वळी काढली, की ते सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरते. तुमचा कोपराचा चट्टा एका तळव्याएवढा असेल तर अर्धी वळी पुरे.

औषधाचे मलम नसेल त्या दिवशीही त्वचेला ओलावा हवाच. कोमट पाण्याने, न घासता आंघोळ करावी, टॉवेलने हलकेच टिपावे आणि अंग किंचित ओलसर असतानाच साधे, सुवास नसलेले मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली लावावी. खपल्या नखाने उपटू नका. खपली उपटल्यावर खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, हे तुम्ही पाहिले असेलच; शिवाय ओरखडा, भाजणे किंवा सततचे घर्षण यांच्या जागी एक-दोन आठवड्यांत नवा चट्टा उमटू शकतो. एकोणिसाव्या शतकातील हाइनरिश कोब्नर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी ही गोष्ट नोंदवली होती आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आजार कशामुळे चाळवतो, याची एक छोटी वही ठेवा. घशाचा संसर्ग, मानसिक ताण, धूम्रपान, मद्य, तसेच मनोविकारांवर दिले जाणारे लिथियम आणि रक्तदाबासाठीची काही बीटा-ब्लॉकर औषधे ही ठाऊक असलेली कारणे आहेत. अर्थात रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका; वही डॉक्टरांना दाखवा.

‘शंभर टक्के मुळापासून बरे’ असे सांगून दिल्या जाणाऱ्या बेनाव पुड्यांविषयी मात्र मी कळकळीने सावध करते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. पोटात घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबले की सोरायसिस पूर्वीपेक्षा अधिक भडकतो आणि क्वचित अंगभर पूयुक्त पुटकुळ्या येऊन माणसाला रुग्णालयात दाखल करावे लागते.

आणखी एक विचारते, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. सकाळी उठल्यावर बोटे, टाचा किंवा कंबर अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडलेली राहते का? नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे आहेत का? सोरायसिस असलेल्या ३० टक्क्यांपर्यंत लोकांच्या सांध्यांनाही सूज येते, आणि उपचाराला उशीर झाल्यास सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. तसे काही असेल, किंवा मलमांनी भागत नसेल, तर अतिनील किरणांचे उपचार, मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या आणि प्रतिकारयंत्रणेचे ठरावीक संदेश रोखणारी जैविक इंजेक्शने असे पुढचे मार्ग आहेत. चारपैकी ज्या डॉक्टरांनी तुमचे सर्वाधिक ऐकून घेतले, त्यांच्याकडेच परत जा आणि पुढचे वर्षभर तरी त्यांना बदलू नका.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही हातांवर सोरायसिस आहे. आमच्या सात महिन्यांच्या मुलीला तो उचलून घेत नाही, दुरूनच बोलतो. तिला लागण होईल ही त्याची भीती खरी आहे का?

उत्तर : नाही. हा आजार स्पर्शाने, टॉवेलने, भांड्यांतून किंवा एकत्र पोहल्याने पसरत नाही. जागतिक आरोग्य सभेने २०१४ साली केलेल्या ठरावातही सोरायसिस असंसर्गजन्य असल्याचे नमूद केले आहे. घराण्यातून प्रवृत्ती येऊ शकते, पण ती यायची असली तर जन्माबरोबर येते; काकाच्या हातांतून येत नाही. हातांना नुकतेच औषधाचे मलम लावले असेल तर ते बाळाच्या त्वचेला किंवा तोंडाला लागू नये, एवढी एकच काळजी घ्यावी. हे उत्तर भावाला वाचायला द्या आणि तो सांगायची वाट न पाहता मुलीला त्याच्या हातांत द्या.