नाव बदललं म्हणून फोटो बदलत नाही

प्रश्न : माझ्या आयफोनमधले फोटो एचईआयसी प्रकारात साठतात. ऑनलाइन अर्जात मात्र ‘फक्त जेपीजी’ चालतात. फाइलच्या नावापुढचं एचईआयसी खोडून जेपीजी लिहिलं, तरी फोटो घेतला जात नाही. ऑनलाइन कन्व्हर्टर वापरावा का? आईचे जुने जेपीजी फोटो पीएनजी करून घेतले तर ते स्पष्ट होतील का?

उत्तर : आधी आईच्या फोटोंचं सांगते. नाही, स्पष्ट होणार नाहीत. जेपीजी फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देतं. टाकलेलं परत येत नाही. पीएनजी काहीच टाकत नाही, पण त्याच्या हाती येतो तो आधीच बारकावे गमावलेला फोटो. तो जसाच्या तसा जपला जातो, फाइल तेवढी कितीतरी फुगते.

माझ्या वडिलांचा एक फोटो मी असाच खराब केला. दर वेळी थोडा उजळायचा, कडा कापायच्या आणि त्याच नावाने जेपीजी म्हणून सेव्ह करायचा. एकदा मोठा करून पाहिला, तर चष्म्याच्या काळ्या काडीभोवती बारीक चौकोनी डाग आणि गालावर पट्टे! मूळ फाइल ठेवलीच नव्हती. म्हणून कळकळीने सांगते, मूळ फाइलला हात लावू नका, प्रत काढून तिच्यावर काम करा. आणि आईच्या फोटोंचे कागदी प्रिंट घरात असतील तर ते पुन्हा स्कॅन करा. स्पष्टपणा आला तर तिथूनच येईल.

आता अर्जाचं. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे तिच्या आतल्या पहिल्या काही बाइट्सवरून ठरतं, नावावरून नाही. तुम्ही बदललंत ते फक्त नाव. आत एचईआयसीच राहिलं आणि अर्जाने ते ओळखलं. आयफोनमध्ये हा प्रकार २०१७ पासून आला, कारण त्यात फोटो कमी जागेत मावतो. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. पुढचे फोटो थेट जेपीजीच निघतील. आधीचे मॅक संगणकावरच्या प्रीव्ह्यू या ॲपमध्ये उघडून जेपीजी म्हणून एक्स्पोर्ट करता येतात. त्यासाठी इंटरनेट लागत नाही.

फुलाचा, डोंगराचा फोटो ऑनलाइन बदललात तर काही बिघडत नाही. ओळखपत्र, सही, आजारपणाचे कागद मात्र अनोळखी साइटवर चढवू नका. बहुतेक कन्व्हर्टर फोटो स्वतःच्या सर्व्हरवर नेतात. ‘तासाभरात पुसतो’ असं लिहिलेलं असतं, पण पुसला की नाही हे आपल्याला तपासता येत नाही. शिवाय फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही फाइलबरोबर जातात. काही साइट मात्र ब्राउझरमध्येच काम करतात, गूगलची स्क्वूश त्यातली. साइट कोणत्या जातीची आहे हे पाहायचं असेल तर पान उघडल्यावर इंटरनेट बंद करा आणि एखादा साधा फोटो बदलून पाहा. बदलला, तर काम तुमच्याच यंत्रावर झालं.

सहीची पारदर्शक पीएनजी असेल तर जेपीजी करण्याआधी तिच्यामागे पांढरा रंग भरा. जेपीजीत पारदर्शकता नसते, त्यामुळे कधीकधी मागची बाजू काळी होते आणि काळ्या शाईची सही त्यात दिसेनाशी होते.