बाग बघायची तर पाण्याची वेळ गाठा

प्रश्न (गोकाक): जूनमध्ये मुलाकडे पॅरिसला जाणार आहोत. व्हर्सायची राजबाग बघायची आहे, पण एक परिचित बुधवारी गेले होते, त्यांना कारंजी बंदच दिसली. असं का होतं? कोणता दिवस धरावा?

उत्तर: शनिवार किंवा रविवार धरा. एप्रिल ते ऑक्टोबर या महिन्यांत कारंज्यांचा कार्यक्रम मुख्यतः याच दोन दिवशी असतो, तोही ठरावीक तासांपुरता. त्या दिवशी बागेचं वेगळं तिकीट लागतं. तासांचं वेळापत्रक राजवाड्याच्या संकेतस्थळावर बघा आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवा. सोमवारी राजवाडा बंद असतो, बाग उघडी असते.

कारण जुनंच आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यासाठी बागरचनाकार आंद्रे ल नोत्रने 1661 पासून ही बाग आखली, पण जवळ पुरेसं पाणी नव्हतं. 1684 मध्ये सीन नदीवर 14 चाकं आणि 221 पंपांचं मार्ली यंत्र बसवलं. त्याने पाणी दीडशे मीटरहून उंच, म्हणजे तुमच्या गोकाकच्या धबधब्याच्या जवळपास तिप्पट उंचीवर चढवलं. तरीही सगळी कारंजी एका वेळी चालेनात. मग राजा जवळ आला की माणसं शिट्टी वाजवून पुढच्या माणसाला इशारा देत आणि तेवढीच कारंजी सुरू होत. आजही बरंचसं पाणी वरच्या टाक्यांतून उतारानेच येतं.

सुरुवात राजवाड्याच्या मागच्या गच्चीवरून करा. तिथून नजर थेट कालव्यापर्यंत जाते. हा कालवा 1,670 मीटर लांब आहे. मग लातोनाच्या कारंज्यावरून हिरवळीच्या पट्ट्याने अपोलोच्या कुंडाकडे उतरा. मधल्या झाडीतली दालनं चुकवू नका. बॉलरूम नावाच्या दालनात ओबडधोबड दगड आणि समुद्रातून आणलेल्या शिंपल्यांच्या पायऱ्यांवरून पाणी पाझरत खाली येतं. अगदी जवळ उभं राहून बघा, शिंपल्यांचा रंग ओले झाल्यावरच उठतो. हिवाळ्यात मात्र पुतळेही झाकलेले असतात, त्या दिवसांत जाण्यात अर्थ नाही असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न (निपाणी): आई-बाबा सत्तरीचे, गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का?

उत्तर: झेपेल, पण परतीचा विचार आधी करा. व्हर्सायला गच्चीपासून कालव्यापर्यंत साधारण एक किलोमीटर आहे आणि सगळा उतार. थकवा परत चढताना जाणवतो. राजवाड्याजवळून कालवा आणि बागेतल्या त्रियानॉन या छोट्या राजवाड्यांकडे छोटी गाडी जाते, येताना तीच घ्या. वाटा वाळू-खडीच्या आहेत, चपला नकोत.

इटलीला जाणार असाल तर नेपल्सजवळचं कासेर्ता बघा. 1752 मध्ये वास्तुकार वान्वितेल्लीने सुरू केलेला हा राजवाडा रेल्वे स्टेशनसमोरच आहे. बाग सुमारे 3 किलोमीटर लांब, आणि इथे व्हर्सायच्या उलट, धबधबा टोकाला वर आहे. म्हणून वर बसने जा आणि पाण्याच्या कडेने उतरत या. 38 किलोमीटर लांबीच्या नळवाटेने आणलेलं पाणी शिकारीची देवी दियाना हिच्या शिल्पांशी कोसळतं, तिथे सावकाश बसा. मंगळवार टाळा, त्या दिवशी राजवाडा बंद असतो.

प्रश्न (खानापूर): युरोपातल्या त्या राजबागांसारखं रेषेत कापलेलं बुटकं कुंपण आमच्या लाल मातीत होईल?

उत्तर: तिथे बॉक्सवुड नावाचं झुडूप लावतात. इथे कोयनेल किंवा सोनेरी ड्युरांटा घ्या. खुंट्या ठोकून दोरी ताणा, एका ओळीत फुटाफुटावर रोपं लावा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, फुटवे येतात. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांनी कापा, दर वेळी दोरी लावूनच. बुडाशी रुंद, वर किंचित निमुळतं ठेवा. माथा रुंद झाला की खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि बुडखा उघडा पडतो. खानापूरच्या पावसात मुळाशी पाणी तुंबू नये म्हणून शेजारून वीतभर खोल चर काढा.