बाल्कनीतला फेल्डसलाट: पेरणीची वेळ, थंडीतली निगा आणि कोशिंबीर

तुमचे तीन प्रश्न आहेत. जर्मनीतल्या श्टुटगार्टमधल्या बाल्कनीत जुलैअखेर पेरलेला फेल्डसलाट (कोशिंबिरीत कच्ची खायची छोट्या पानांची, थंडीतली पालेभाजी) उगवलाच नाही, तो का? तो हिवाळाभर मिळेल असं काय करावं? आणि हेच बी पुण्याला आईकडे पाठवलं तर येईल का? मी याच भागात राहते आणि दर वर्षी हे पीक घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बी बहुतेक चांगलंच असणार, घात उन्हाने केला. माती 20 अंशांच्या वर तापली की हे बी झोपून राहतं. जुलैत दक्षिणेकडे तोंड असलेल्या बाल्कनीतली कुंडी त्याहून कितीतरी जास्त तापते. आपल्याला मेथीची सवय असते, टाकली की चार दिवसांत वर. हे बी थंडाव्यातही दोन-तीन आठवडे घेतं आणि तेवढ्या काळात माती एकदा जरी सुकली तरी सगळं फुकट जातं.

म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पेरा. टोमॅटो काढून झालेली लांबट कुंडी उत्तम, त्या मातीत उरलेलं खत याला पुरतं. माती भुसभुशीत करायचा मोह टाळा. या बियाला खाली घट्ट जमीन लागते, म्हणून आधी माती फळीने दाबून घ्या, दोन ओळींत अंतर 10 सेंटीमीटर ठेवा, बी 1 सेंटीमीटर खोल टाका आणि वरून पुन्हा दाबा. मग ओलं गोणपाट झाकून कुंडी सावलीत ठेवा. पहिली हिरवी टोकं दिसली की गोणपाट त्याच दिवशी काढा, नाहीतर रोपं पिवळी, लांबोडकी होतात. कागदी पट्टीवर चिकटवलेलं बी मिळालं तर बाल्कनीसाठी तेच घ्या, विरळणी वाचते. जात निवडताना 'विट' किंवा 'वेर्त द कांब्रे' घ्या. मोठ्या पानांची हॉलंडी जात दिसायला छान, पण ती शरद ऋतूत संपवायची, कडक थंडी तिला सोसत नाही. पाकिटावर आकरसलाट, रापुन्झेल किंवा स्विस असेल तर न्युसलीसलाट लिहिलेलं दिसेल, सगळं एकच.

आता हिवाळा. इथे श्टुटगार्टकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दिवस 10 तासांहून लहान असतो. त्या काळात हे रोप जवळजवळ वाढत नाही, नुसतं तग धरून राहतं. जे खायचंय ते ऑक्टोबरअखेरपर्यंत वाढलेलं हवं, नंतर कुंडी म्हणजे घरातली कोठी, लागेल तसं काढायचं. उशिरा पेरलेलं वाया जात नाही, ते मार्चमध्ये हाती येतं. म्हणून मी दोन कुंड्या पंधरा दिवसांच्या अंतराने पेरते.

बर्फाचं पांघरूण असेल तर उणे 15 अंशांतही हे रोप जगतं. खरा धोका कोरड्या, उन्हाच्या थंडीचा. पानं उन्हात पाणी सोडतात आणि गोठलेल्या मातीतून मुळांना ते ओढता येत नाही. कुंडी तर चारही बाजूंनी गोठते. ती भिंतीला चिकटवा, खाली लाकडाची फळी द्या, वर बागेचं पांढरं फ्लीस (रोपं झाकायचं पातळ, हलकं कापड) टाका. फ्लीस उबदार दिवशी काढून ठेवा, कोंदट ओलीत पानांवर केवडा पडतो. पाणी फक्त न गोठलेल्या दिवशी, तेही माती कोरडी लागली तरच.

गोठलेलं पान कधीही तोडू नका, घरात आणताच त्याचा लगदा होतो. दुपारी बर्फ सुटला की कापा. कमी उजेडात पानांत नायट्रेट साठतं, ते जास्त झालेलं तब्येतीला बरं नसतं, म्हणूनही ऊन पडलेल्या दिवसाची दुपारच बरी. हिवाळ्यात खत अजिबात नको, कारण तेच. मुळाच्या जरा वर कापलं की अख्खा झुबका हाती येतो.

धुताना मोठ्या पातेल्यात बुडवून झुबके वर उचला, पाणी ओतून टाकू नका. खाली बसलेली वाळू पुन्हा पानांवर येते. तीन पाणी तरी लागतात.

इकडे श्वाबेनमध्ये, म्हणजे श्टुटगार्टभोवतीच्या प्रदेशात, उकडलेला बटाटा कुस्करून, व्हिनेगर, तेल, मोहरीची चटणी आणि गरम सूप घालून त्याची पातळ कोमट चटणी यावर ओततात. शाकाहारी सूप वापरा, फारच छान लागतं. माझ्या मते मात्र या पानाला दाण्याचं कूट जन्मजात शोभतं, कारण त्याची चवच दाण्या-अक्रोडाकडे झुकणारी आहे. किसलेलं गाजर, सफरचंदाचे बारीक तुकडे, कूट, मीठ, चिमूट साखर, लिंबू, वर हिंग-मिरचीची थंड केलेली फोडणी. पानं सगळ्यात शेवटी, ताटं वाढताना मिसळा, दहा मिनिटांत ती बसतात. दही नको, त्याच्या वजनाने पानं दबतात. शिजवूही नका, काहीच उरत नाही.

पुण्याला बी पाठवू नका. तिथे हिवाळ्याच्या दुपारीही पारा 28-30 अंशांवर जातो, उगवण जेमतेम होईल आणि उगवलं तरी लगेच फुलावर जाईल. आईंना परातीत अळीव पेरायला सांगा. आठवडा-दहा दिवसांत कापायला येतो आणि त्याची तिखट कोवळी पानं काकडीच्या कोशिंबिरीत फार छान लागतात.