‘बस’ म्हटल्यावर तो बसत का नाही?

प्रश्न : आमच्याकडे सात महिन्यांचा लॅब्रडॉर आहे. खाण्याचे भांडे हातात असले की तो घरात लगेच बसतो. मैदानावर मात्र ‘बस’ म्हटलेले ऐकत नाही आणि ‘ये’ म्हटले की उलट दूर पळतो. आई त्याच्याशी मराठीत बोलते, मुलगा इंग्रजीत. कुत्र्यांना इंग्रजी आज्ञाच कळतात, असे एक परिचित म्हणतात. दुसऱ्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारण्याचा सल्ला दिला आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : भाषेचा प्रश्न आधी घेऊ, कारण तुमच्या अडचणीचा मोठा भाग माझ्या मते तिथेच आहे. कुत्र्याला मराठी आणि इंग्रजी दोन्ही सारख्याच परक्या असतात. विशिष्ट आवाज आणि त्यापाठोपाठ घडणारी गोष्ट यांची तो सांगड घालतो. ही क्षमता लहानसहान नाही. अमेरिकेतील मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन पिली यांनी चेझर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला १०२२ वस्तूंची नावे शिकवली आणि त्यावरील शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र तिथे प्रत्येक नाव एकाच वस्तूसाठी वापरले जात होते. आपल्या घरांत ‘बस’ या शब्दाचे काय होते ते पाहा : त्याने बसावे म्हणून ‘बस’, तो भुंकू लागला की ‘बस झालं आता’, आणि पंगतीत वाढणाऱ्याला थांबवतानाही ‘बस, बस’. दिवसभरात वीस वेळा कानावर पडणाऱ्या आणि बहुतेक वेळा त्याच्याशी संबंध नसलेल्या आवाजाकडे त्याने दुर्लक्ष केले, तर तो हट्टीपणा नव्हे. म्हणून ‘सिट’ किंवा ‘बैठ’ असा, तुमच्या बोलण्यात एरवी न येणारा एक शब्द ठरवा, तो कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी तोच वापरा.

शिकवताना उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा त्याच्या नाकाजवळ धरून हात सावकाश डोक्यावरून मागे न्या. नाक वर गेले की मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकल्याच्या क्षणी ‘शाब्बास’ म्हणून तुकडा द्या. इथे सेकंदाचे महत्त्व आहे : तो पुन्हा उभा राहिल्यावर खाऊ मिळाला, तर बक्षीस उभे राहण्याला मिळते. ही हालचाल चारपाच वेळा जमल्यावर तिच्या किंचित आधी शब्द उच्चारा, आणि तोही एकदाच. ‘सिट, सिट, सिट’ म्हणत राहिल्यास तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचे, एवढेच तो शिकेल. पाच मिनिटांचा सराव दिवसातून दोनतीनदा, जेवणापूर्वी, पुरेसा आहे. लॅब्रडॉरचे वजन झपाट्याने वाढते, त्यामुळे हा खाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवा. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि लसूण त्याला कधीही देऊ नका.

घरात जमलेले मैदानावर जमत नाही, कारण स्वयंपाकघरातला धडा त्याच्या लेखी स्वयंपाकघराचाच असतो. तोच धडा दिवाणखान्यात, मग जिन्यात, मग फाटकाशी आणि शेवटी मैदानाच्या शांत कोपऱ्यात पुन्हा पहिल्यापासून द्यावा लागतो. शिवाय सात महिने हे त्याचे वयात येण्याचे दिवस आहेत, तेव्हा काही आठवडे मागे गेल्यासारखे वाटले तरी सराव सोडू नका.

‘ये’ म्हटल्यावर तो का पळतो, याचे उत्तर बहुधा तुमच्याकडेच सापडेल : मैदानावर तुम्ही त्याला कधी बोलावता? पट्टा लावून घरी न्यायचे असते तेव्हाच, असे असेल तर ‘ये’ म्हणजे खेळ संपला, हे त्याने अगदी बरोबर ओळखले आहे. गळ्याला हिसका बसू नये म्हणून हार्नेसला दहा मीटर लांब दोरी लावा, बोलवा, आल्यावर त्याचा सर्वांत आवडता तुकडा द्या आणि पुन्हा खेळायला सोडा. दहापैकी नऊ वेळा असेच झाले पाहिजे. तो आला नाही तर मागे धावू नका. पाठ करून उलट दिशेने पळा, बहुतेक कुत्री पाठलाग करीत येतात. आणि वीस मिनिटे दमवून आलेल्या कुत्र्यालाही रागावू नका, कारण ती शिक्षा त्याच्या लेखी येण्याचीच असते.

वर्तमानपत्राची गुंडाळी रद्दीत टाका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मार खाणारे कुत्रे हाताला घाबरू लागते आणि गुरगुरण्याबद्दल मार बसला तर इशारा न देता चावायला शिकते. प्राणिवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेनेही २०२१ च्या निवेदनात सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीचीच शिफारस केली आहे.

प्रश्न : रस्त्यावरून घरी आणलेला चार वर्षांचा कुत्रा आता शिकेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नक्की शिकेल. मात्र पहिले काही आठवडे त्याला घर, माणसे आणि जेवणाची वेळ यांचीच ओळख होऊ द्या. अशा कुत्र्याच्या डोक्यावरून हात नेऊ नका; उगारलेल्या हाताची आठवण त्याला असू शकते. तो स्वतःहून बसेल त्याची वाट पाहा, त्या क्षणी शाब्बासकी आणि खाऊ द्या, आणि हे वारंवार घडू लागल्यावर शब्द जोडा. बसताना तो एका बाजूला कलत असेल किंवा उठताना अडखळत असेल, तर खुब्यात किंवा गुडघ्यात वेदना असण्याची शक्यता असते. अशा वेळी सराव थांबवून आधी पशुवैद्यांकडे न्या.